पिकअपच्या पाट्यांचे जाम झालेले बोल्ट घरी काढताना

(शेतकऱ्यांसाठी घेतलेल्या यंत्र देखभाल-दुरुस्ती वर्गातील भाषणाचा मजकूर)

पेरणीयंत्र, फवारणी पंप आणि मळणीयंत्र यांच्या देखभालीविषयी या वर्गात नेहमी बोलले जाते. आज मी थोडा वेगळा विषय घेतला आहे. तो म्हणजे आपली पिकअप गाडी. लासलगावला कांदा न्यायचा असो, नारायणगावला टोमॅटो पोचवायचा असो किंवा तालुक्याहून खताच्या गोणी आणायच्या असोत, बैलगाडीची जागा आता या गाडीने घेतली आहे. इंजिनाचे तेल आपण वेळेवर बदलतो, टायरची हवा पाहतो. पण सगळा भार ज्यांच्यावर असतो त्या मागच्या पाट्यांकडे ते कुरकुरू लागेपर्यंत कोणी वाकून पाहत नाही. मग बुश बदलायची वेळ येते, आपण पाना लावतो आणि बोल्ट जागचा हलत नाही.

अशा वेळी काय होते ते मी स्वतः अनुभवले आहे. काही वर्षांपूर्वी सुट्टीत गावी गेलो असताना घरच्या पिकअपचे मागचे बुश बदलायला घेतले. शिकवणे हा माझा व्यवसाय, त्यामुळे थोडा तोराही होता. खळ्यावर गाडी उभी केली, जॅक लावला, चाक काढले आणि बोल्टला पाना लावून त्यावर चार फुटी पाइप चढवला. पाऊस होऊन आठ दिवस झाले होते. जमीन वरून वाळलेली, पण आत ओली होती. मी पाय रोवून पाइप ओढला. बोल्ट हलला नाही. हलली ती गाडी. जॅक कलंडला आणि गाडी खाली आली. माझा डावा हात चेसी आणि हौसिंग यांच्यामध्ये होता. तो हात आज शाबूत आहे तो केवळ चुलत्यांमुळे. काढलेले चाक त्यांनी न बोलता, सवयीने, चेसीखाली आडवे सरकवून ठेवले होते. गाडी त्या चाकावर बसली. चुलते एवढेच म्हणाले, "बोल्ट जितका घट्ट, तितकी गाडी हलणार. हे तुमच्या पुस्तकात नाही का?"

तेव्हापासून मी हा विषय शिकवताना सुरुवात पान्याने करीत नाही. जाम बोल्ट काढताना बोल्ट वाचवायचा नसतो. वाचवायचा असतो तो पाटा, चेसीवरचा हँगर आणि गाडीखाली गेलेला माणूस. बोल्ट आणि बुश या पाट्याच्या मानाने अगदी स्वस्त वस्तू आहेत. त्या नव्याच घालायच्या असतात. हे एकदा मनाशी पक्के केले की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

पाट्यांची जोडणी समजून घ्या

मागच्या प्रत्येक बाजूला पाट्यांचा एक संच असतो. सर्वांत लांब पाटा हा मुख्य पाटा. त्याची दोन्ही टोके गोल वळवून कडी केलेली असतात. पुढचे कडे चेसीवरच्या हँगरमध्ये बोल्टने पक्के धरलेले असते. मागचे कडे मात्र शॅकलला जोडलेले असते. भार पडला की पाटा सपाट होतो, म्हणजेच लांबतो. ती लांबी सामावून घेण्यासाठी शॅकल मागे-पुढे झुलते. संचाच्या मध्यभागी सेंटर बोल्ट असतो आणि दोन यू बोल्टनी पाटे हौसिंगवर आवळलेले असतात. अशा रीतीने प्रत्येक बाजूला हँगरचा एक आणि शॅकलचे दोन असे तीन जोड फिरते असतात. जाम होतात ते हेच.

या जोडांत दोन प्रकार आढळतात. बहुतेक पिकअपमध्ये रबरी बुश असतो. त्याच्या आत पोलादी नळी असते आणि नळीतून बोल्ट जातो. नट आवळला की नळी हँगरच्या दोन पाखांमध्ये दाबली जाते आणि स्थिर राहते. पाटा हलतो तेव्हा पिळ खातो तो रबर. दुसरा प्रकार मोठ्या टेम्पोंमध्ये व मालट्रकमध्ये दिसतो. त्यात जाड पिन, धातूचा बुश आणि पिनेच्या तोंडाशी ग्रीस निपल असते. ही पिन जागची सरकू नये म्हणून बाजूने एक लहान बोल्ट तिच्या खाचेतून गेलेला असतो. तो काढल्याशिवाय घणाचे कितीही घाव घातले तरी पिन बाहेर येत नाही. उलट हँगर तडकतो. मातीने आणि ग्रीसने लडबडलेला हा लहान बोल्ट पुष्कळदा नजरेला पडत नाही. म्हणून पहिला नियम असा की, ब्रशने जागा स्वच्छ करावी, टॉर्च घेऊन चहूबाजूंनी पाहावे आणि कोणता भाग कशाने धरला आहे हे कळेपर्यंत हातोड्याला हात लावू नये.

जुन्या जीप बनावटीच्या काही गाड्यांत शॅकलला उलटे, म्हणजे डाव्या हाताचे आटे असतात. अशा गाडीत आपण सोडवतो आहोत असे समजून नट आवळत बसण्याची चूक होते. आट्यांची दिशा आधी पाहून घ्यावी.

जोड जाम का होतो?

लोखंड गंजले की गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. बोल्ट आणि बुशची नळी यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. त्या फटीत पाणी शिरले की गंज फुगतो आणि पाचर ठोकल्याप्रमाणे दोन्ही भाग एकमेकांना धरून बसतात. नट सुटला तरी बोल्ट निघत नाही, याचे कारण हेच. अडचण आट्यांत नसून बोल्टच्या आतल्या गुळगुळीत दांड्यावर असते.

आता रबराचा विचार करा. बोल्टवर हातोडा मारला की तो धक्का गंजापर्यंत पोचण्याऐवजी रबर गिळून टाकतो. पाना लावून बोल्ट फिरवला की थोडा फिरतो आणि सोडताच मागे येतो. गड्याला वाटते, बोल्ट सुटू लागला. प्रत्यक्षात बोल्ट आणि नळी एकजीव होऊन फिरत असतात आणि पिळला जातो तो रबर. बोल्ट असा "झोके घेऊ" लागला तर नळीशी तो जाम आहे, असे निदान पक्के समजावे.

शेतकऱ्याच्या गाडीत हा गंज शहरातल्या गाडीपेक्षा लवकर धरतो. याचे कारण आपण गाडीतून काय वाहतो त्यात आहे. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असते आणि क्लोराइड लोखंडाचा वैरी आहे. अमोनियम सल्फेटसारखी खते हवेतली ओल ओढून घेतात. फाटक्या गोणीतून सांडलेले खत फळ्यांच्या फटीतून थेट चेसीवर आणि पाट्यांवर पडते. कोंबडी खतातही क्षार आणि अमोनिया असतो. कोकणात खारी हवा आणि मासळीच्या पेट्यांतून गळणारे पाणी यांची भर पडते. त्यावर चिखलाचा थर बसला की ओल आठवडाभर टिकते. गाडी वरून धुतली जाते, खालून नाही.

काम कधी काढावे आणि कोणते काढू नये

उद्या माल भरायचा असेल तर आज या कामाला हात घालू नये. जाम बोल्टचे काम घड्याळ पाहून होत नाही. घाई झाली की माणूस जॅकवरच्या गाडीखाली शिरतो. हंगाम संपल्यावर, दोन-तीन दिवस गाडी लागणार नाही असे पाहून काम काढावे. नवे बोल्ट, नट, बुश आणि वॉशर आधीच आणून ठेवावेत. जुना बोल्ट कापावा लागला आणि नवा हाताशी नसला तर गाडी दारात अडकून पडते.

पुढच्या चाकांना गुंडाळी स्प्रिंग किंवा पिळाची दांडी असलेल्या गाड्या आहेत. त्या स्प्रिंगमध्ये आणि दांडीत प्रचंड ताण साठलेला असतो. योग्य साधनाशिवाय तो सोडला तर भाग गोळीसारखा उडतो. ते काम घरी करू नये. चेसीवरचा हँगर तडकलेला किंवा गंजून पातळ झालेला दिसला, किंवा बोल्ट ज्या बाजूने बाहेर यायचा तिथे डिझेलची टाकी आडवी येत असली, तरीही गाडी कार्यशाळेत न्यावी. टाकी आडवी येते की नाही हे सुरुवातीलाच पाहावे. अर्धे काम झाल्यावर हे लक्षात आल्यास पंचाईत होते.

लागणारे साहित्य

1. दोन भक्कम पोलादी घोड्या आणि एक हायड्रॉलिक जॅक. शक्य असल्यास दुसरा जॅक.
2. चाकांना लावायचे लाकडी पाचरी ठोकळे आणि जॅकखाली ठेवायला जाड फळी.
3. योग्य मापाचे सहा कोनी सॉकेट व रिंग पाने. सरकता पाना या कामाला नको.
4. दोन किलोच्या आसपासचा हातोडा, छिन्नी, पितळी गज आणि तारेचा ब्रश.
5. गंज सोडवणाऱ्या तेलाचा फवारा.
6. हॅक्सॉ आणि चांगली पाती. ग्राइंडर वापरायचा असल्यास त्याचे संरक्षक झाकण बसवलेले असावे.
7. डोळ्यांना गॉगल, हातमोजे, पाण्याची बादली आणि कोरडी वाळू.

गाडी अशी उभी करा

रिकाम्या पिकअपचे वजनही दीड टनाच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. गाडी सपाट आणि कठीण जागेवर घ्यावी. सिमेंटचा कोबा उत्तम. शेणाने सारवलेले खळे किंवा काळी जमीन चालणार नाही. मागचा हौदा रिकामा करावा.

मागची बाजू उचलायची असल्याने पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावावेत. हातब्रेकवर विसंबू नये. तो बहुधा मागच्याच चाकांवर काम करतो आणि तीच चाके आपण उचलणार असतो. गाडी गिअरमध्ये ठेवली आहे, एवढ्यावरही भरवसा नको. मागचे एक चाक हवेत असले की डिफरन्शियलमुळे दुसरे चाक फिरू शकते आणि गाडी घरंगळते. ठोकळे हाच खरा आधार.

जॅक हा उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. त्यातील तेलाचे सील केव्हा दगा देईल ते सांगता येत नाही. चेसी उचलून तिच्याखाली दोन्ही बाजूंना घोड्या लावाव्यात आणि गाडी घोड्यांवर बसवावी. विटा किंवा दगड रचून आधार देऊ नये. वीट तडकताना आधी सूचना देत नाही. काढलेली चाके चेसीखाली आडवी सरकवून ठेवावीत. ते फुकटचे संरक्षण आहे. मी आज तुमच्यासमोर दोन्ही हात वर करू शकतो ते त्यामुळेच.

यानंतर गाडीखाली न जाता, बाहेरूनच, हौद्याला धरून गाडी जोरात हलवून पाहावी. जी गाडी तुमच्या हाताच्या धक्क्याने डुलते ती चार फुटी पाइपच्या ओढीने पडणारच. ती स्थिर होईपर्यंत पुढे जाऊ नये. काम करताना दुसरा माणूस बाहेर असावा. मुलांना आणि जनावरांना दूर ठेवावे.

आता दुसरा जॅक हौसिंगखाली लावावा. हौसिंग हळूहळू वर-खाली करून पाट्यावर ताणही नाही आणि हौसिंग लोंबतही नाही, अशी स्थिती साधावी. पाटा भाराखाली असताना बोल्ट काढला तर कडे झटकन उसळते. हौसिंग लोंबत असेल तर बोल्ट आत तिरका दाबला जातो आणि अधिकच जाम वाटतो. हे संतुलन साधण्यात दहा मिनिटे गेली तरी ती वाया जात नाहीत. एका वेळी एकच बाजू खोलावी. दुसरी बाजू गाडी जागेवर धरून ठेवते आणि जोडणीचा नमुना म्हणूनही कामी येते.

नट सोडवणे

तेलाचे काम दोन दिवस आधी सुरू करावे. बाहेर आलेले आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ घासावेत आणि नटावर, बोल्टच्या डोक्याशी व बुशच्या दोन्ही कडांना तेल मारावे. सकाळ-संध्याकाळ असे दोन दिवस करावे. प्रत्येक वेळी बोल्टच्या डोक्यावर हातोड्याचे चार-पाच हलके ठोके द्यावेत. ठोक्यांनी गंजाला बारीक चिरा पडतात आणि तेल आत झिरपते. हे तेल ब्रेकच्या ड्रमवर, ब्रेकच्या रबरी नळीवर जाऊ देऊ नये.

नट सोडवताना आधी तो किंचित आवळण्याच्या दिशेने फिरवावा, मग सोडवावा. थोडा सुटला की पुन्हा पाव फेरा मागे न्यावा, तेल मारावे आणि पुढे घ्यावा. एका दमात ओढत नेला तर गंजाचा चुरा आट्यांत अडकतो आणि नट अर्ध्यावर कायमचा बसतो. पान्याला पाइप लावायचा असल्यास ओढ शक्यतो खालच्या दिशेने द्यावी, गाडीला आडवी ढकलणारी नको. टायर पंक्चरवाल्याकडे हवेवर चालणारे नट खोलायचे यंत्र असते. काम सुरू करण्यापूर्वी, चारी चाके जमिनीवर असतानाच, तिथे जाऊन नट नुसते सैल करून पुन्हा बोटभर आवळून आणले तर निम्मे कष्ट वाचतात. मात्र हे घराजवळ असेल तरच. सैल नटावर लांबचा प्रवास करू नये.

नटाचे कोपरे गोल झाले तर झटापट करू नये. छिन्नीने किंवा हॅक्सॉने नट उभा कापून फोडावा. त्या वेळी गॉगल हवाच. हातोड्यावर हातोडा कधीही मारू नये. दोन्ही तोंडे कडक पोलादाची असतात आणि त्यांच्या चिपा उडतात. पाठीमागे आधार हवा असल्यास जड लोखंडाचा तुकडा ऐरणीसारखा धरावा.

बोल्ट बाहेर काढणे

नट सुटल्यावर तो पूर्ण काढून टाकू नका. बोल्टच्या टोकाच्या पातळीला येईल इतकाच मागे घ्या. मग घाव नटावर आणि बोल्टवर सारखा बसतो आणि टोक चेपून फुलत नाही. टोक फुलले तर चांगला सुटणारा बोल्टही हँगरच्या भोकातून जात नाही.

घाव सरळ रेषेत, पितळी गज मध्ये धरून द्यावा. वीस हलक्या घावांपेक्षा एक नेमका जड घाव बरा, कारण हलका घाव रबर गिळते. मधूनमधून बोल्टच्या डोक्याला पाना लावून दोन्ही दिशांना फिरवावे. बोल्ट झोका न घेता फिरू लागला आणि तसाच राहिला, म्हणजे गंज सुटला. मग फिरवत फिरवत मागे ठोकला की तो निघतो. आठ-दहा चांगल्या घावांनीही काही हालचाल नसेल तर थांबावे. पुढचे घाव बोल्टवर बसत नाहीत, ते हँगरवर आणि त्याच्या वेल्डिंगवर बसतात. बोल्ट वाचवायचा नाही, हे इथे आठवावे.

मग बोल्ट कापावा. पाट्याचे कडे आणि हँगरचे पाखे यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना बारीक फट असते. रबराची कड बाजूला कापून काढली की ती दिसते. तिथून पाते घालून दोन्ही बाजूंनी बोल्ट नळीसह कापावा. पाटा सुटून खाली येतो, कडे मोकळे होते आणि हँगरमध्ये राहिलेले दोन तुकडे सहज पडतात. हॅक्सॉने एका बाजूला बराच वेळ लागतो, हात भरून येतात, पण हे काम सर्वांत सुरक्षित आहे. ग्राइंडरने काही मिनिटांत होते. मात्र चकतीने पाट्याला किंवा हँगरला खाच पडता कामा नये. पाट्यावरची बारीक खाच म्हणजे उद्याची भेग. भार घेऊन घाट उतरताना ती उघडते. ग्राइंडर चालवताना सैल बाह्या, उपरणे, धोतराचा सोगा किंवा ओढणी अंगावर नको. ठिणग्या कुठे जातात ते पाहावे. जवळ कडबा, बारदान किंवा डिझेलचा डबा असू नये. कापणे संपेपर्यंत हौसिंगखालचा जॅक हलवू नये. शेवटच्या धाग्यासरशी पाटा सुटतो, तेव्हा हात खाली नसावा.

आच देण्याचा मोह टाळा

गॅसची आच दिली की काम झटपट होते, असे तुम्ही पाहिले असेल. कुशल कारागीर मोकळ्या नटाला नेमकी आच देतो, ते ठीक आहे. घरी मात्र आच देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची चार कारणे आहेत. पहिले, रबरी बुश पेट घेतो आणि त्याचा धूर घातक असतो. दुसरे, जवळच ब्रेकची नळी आणि डिझेलची टाकी असते. तिसरे, शॉक अॅब्सॉर्बरमध्ये तेल आणि अनेकदा दाबाखालचा वायू असतो. तो तापला तर फुटतो. चौथे कारण लगेच दिसत नाही, म्हणून अधिक वाईट. पाटा विशिष्ट तापमानाला पाणी देऊन कमावलेला असतो. तो लाल केला की त्याचा स्प्रिंगपणा जातो. बाहेरून पाटा तसाच दिसतो आणि दोन महिन्यांनी, माल भरलेला असताना, नेमका त्याच जागी मोडतो. मोडलेला पाटा वेल्डिंग करून वापरणे हाही तसाच धोका आहे.

बुश काढणे व जोडणी

कड्यातला जुना बुश ठोकून काढण्यापेक्षा ओढून काढावा. त्यासाठी महागडे साधन लागत नाही. एक लांब आट्यांचा गज, दोन नट, जाड वॉशर आणि बुश आत मावेल इतक्या व्यासाचा पाइपचा तुकडा घ्यावा. पाइप कड्याच्या एका बाजूला टेकवावा, दुसऱ्या बाजूला बुशपेक्षा किंचित लहान वॉशर लावावा आणि नट आवळत जावे. बुश पाइपमध्ये सरकतो. नवा बुशही याच पद्धतीने सरळ बसतो. बाहेरची पोलादी नळी कड्यात राहिलीच तर ती हॅक्सॉच्या पात्याने लांबीच्या दिशेने कापावी. कड्याला ओरखडा पडण्याआधी थांबावे आणि छिन्नीने आत दुमडून काढावी.

पाट्यांचा संच सुटा करायचा असेल तर सेंटर बोल्ट काढण्यापूर्वी संच व्हाइसमध्ये किंवा क्लॅम्पने दाबून धरावा. नाही तर पाटे उसळून हात फुटतो. यू बोल्ट काढले असतील तर ते नवेच घालावेत. एकदा ताणलेले यू बोल्ट पुन्हा तसे आवळ धरीत नाहीत.

जोडणीत तीन गोष्टी विसरू नयेत.

पहिली, नवा बोल्ट मूळ बोल्टच्याच मापाचा आणि प्रतीचा असावा. डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असे आकडे असतात, ते जुन्याशी जुळवून घ्यावेत. हार्डवेअरच्या दुकानातला बिनखुणेचा बोल्ट इथे चालत नाही.

दुसरी, बोल्टच्या दांड्याला ग्रीसचा पातळ लेप द्यावा. पुढच्या वेळी हाच लेप तुमचे दोन दिवस वाचवील. रबराला मात्र ग्रीस किंवा डिझेल लावू नये, त्याने रबर फुगते. रबर सरकवायला साबणाचे पाणी पुरते.

तिसरी गोष्ट पुष्कळ गॅरेजमध्येही पाळली जात नाही. हँगरचे आणि शॅकलचे नट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून, पाट्यांवर गाडीचे वजन आल्यावर. गाडी घोड्यांवर असताना नट पूर्ण आवळले तर नळी त्या स्थितीत पकडली जाते. गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि नवा बुश थोड्याच दिवसांत फाटतो. "बुश टिकत नाही" ही तक्रार अनेकदा इथूनच सुरू होते. किती आवळायचे हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. टॉर्क पाना मागून आणावा आणि त्याप्रमाणे आवळावे. यू बोल्टचे चारही नट आलटूनपालटून, थोडेथोडे आवळावेत. गाडी शंभरेक किलोमीटर चालल्यावर सर्व नट पुन्हा तपासावेत. पहिली खेप हलकी न्यावी.

पुन्हा जाम होऊ नये म्हणून

खताची खेप उतरवल्यावर हौदा झाडावा आणि त्याच दिवशी गाडी खालून पाण्याने धुवावी. फवारणी पंपाची नळी त्यासाठी पुरेशी आहे, पण औषधाचा पंप आधी स्वच्छ धुतलेला असावा. पावसाळ्यानंतर पाट्यांवरचा चिखल खरवडून काढावा. ग्रीस निपल असलेल्या पिनांना पुस्तिकेत दिलेल्या मुदतीने ग्रीस द्यावे. शेतरस्त्यावर आणि चिखलात चालणाऱ्या गाडीला त्याच्या निम्म्या मुदतीत द्यावे. जुने ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत गन चालवावी. ग्रीस आत जात नसेल तर निपल बंद पडले आहे. ते बदलण्यात कंटाळा करू नये, कारण पिन जाम होण्याची सुरुवात तिथूनच होते. वर्षातून एकदा, हंगाम नसताना, बोल्ट सैल करून, फिरवून, ग्रीस लावून पुन्हा आवळले तर आज सांगितलेल्या पुष्कळ खटाटोपाची गरजच पडणार नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आपण बहुतेक दुरुस्त्या स्वतः करतो. त्यात पैसा वाचतो आणि यंत्राची ओळखही होते. ही सवय चांगली आहे, ती सोडू नका. फक्त क्रम पाळा. आधी पाहा, मग आधार द्या, मग तेल आणि वेळ द्या, त्यानंतर हातोडा, आणि शेवटी करवत. कोणत्याही टप्प्यावर जमत नाही असे वाटले तर गाडी चाकांवर उभी करून जाणत्या मिस्त्रीला बोलवा. त्यात कमीपणा नाही.

भाषणानंतर आपण बाहेर शेडमध्ये जाणार आहोत. तिथे एक जुनी पिकअप घोड्यांवर उभी केली आहे आणि तिचा शॅकलचा बोल्ट चांगलाच जाम आहे. तेल परवापासून मारतो आहोत. पण पाना हातात घेण्यापूर्वी तुमच्यापैकी प्रत्येकाने ती गाडी एकदा हलवून पाहायची आहे, आणि चेसीखाली चाके आहेत की नाहीत ते मला सांगायचे आहे.